बदलता नियम आणि सदसद्विवेकबुद्धी

जो नियम काल वेगळा होता आणि उद्या पुन्हा वेगळा होऊ शकतो, तो आज आपल्या मनाला बांधतो काय? हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटतो. परंतु तो प्रत्येक श्रद्धावंताचा आहे. दहा आज्ञा बदलत नाहीत. पण आपले दैनंदिन जीवन ज्या असंख्य नियमांनी वेढलेले आहे, ते शासनाचे, ग्रामपंचायतीचे, शाळेचे, किंबहुना ख्रिस्तसभेच्या शिस्तीचेही नियम काळानुसार बदलत आले आहेत. नियम बदलला की कोणी म्हणतो, ‘मग आजवरचे सगळे चूक होते काय?’ दुसरा म्हणतो, ‘जे बदलते ते पाळायचे कशाला?’ या दोन्ही उद्गारांचा विचार आम्ही येथे एका दूरच्या आणि क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणाच्या आधारे करणार आहोत. उदाहरण माशांचे आहे. ज्या ख्रिस्तसभेचा पहिला प्रमुख कोळी होता, तिच्या लेकरांना ते परके वाटू नये.

अमेरिकेच्या उत्तरेस, कॅनडाच्या सीमेला लागून मिनेसोटा हे राज्य आहे. ‘दहा हजार तळ्यांची भूमी’ ही त्याची ख्याती. तेथील गोड्या पाण्यात ‘नॉर्दर्न पाइक’ नावाचा मासा मिळतो. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखे चपटे तोंड, तीक्ष्ण दात आणि पाणगवतात दबा धरून झडप घालण्याची सवय असा हा शिकारी मासा. मोठा पाइक लहान पाइकलाही गिळतो. त्याच्या मांसात इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे काटे असल्याने तो साफ करायला कसब लागते, आणि लहान पाइकच्या बाबतीत तर श्रम फार व मांस थोडे असा हिशेब होतो. गळ टाकणाऱ्यांनी अशा लहान माशाला ‘हातोड्याचा दांडा’ हे थट्टेचे नाव ठेवले आहे.

पूर्वी तेथे बहुतेक सर्व तळ्यांना एकच सामान्य नियम लागू होता: माणशी तीन पाइक, आणि त्यांपैकी ३० इंचांहून लांब एकच. नियम लक्षात ठेवायला सोपा होता, पण पाणी सर्वत्र सारखे नव्हते. राज्याच्या उत्तर-मध्य भागात मोठे मासे माणसांनी उचलले आणि लहानांचा सुळसुळाट झाला. हे लहान पाइक इतर माशांची पिल्ले फस्त करू लागले आणि स्वतःही खुरटे राहिले. ईशान्येकडील थंड तळ्यांत पाइक थोडे, पण मोठे होणारे. मोठा मासा एकदा गेला की त्याची जागा भरायला पुष्कळ वर्षे लागतात. दक्षिणेत मासा झपाट्याने वाढतो, परंतु पैदास तोकडी. बर्फ वितळल्यावर पाण्याखाली जाणाऱ्या गवतात हा मासा अंडी घालतो, आणि दक्षिणेतील पुष्कळशा पाणथळ जागा शेतीसाठी कोरड्या केल्या गेल्या. रोग तीन आणि औषध एक, अशी अवस्था होती.

२०१८ साली तेथील नैसर्गिक संसाधन विभागाने राज्याचे तीन विभाग पाडले. दक्षिणेत माणशी दोन मासे, पण २४ इंचांहून लहान मासा नेण्यास मनाई. ईशान्येत दोन मासे, पण ३० ते ४० इंचांचा प्रत्येक मासा परत पाण्यात सोडायचा, आणि ४० इंचांवरचा एकच ठेवायचा. उत्तर-मध्य भागात दहा मासे नेण्याची मुभा. मात्र २२ ते २६ इंचांचे सर्व सोडून द्यायचे आणि २६ इंचांहून मोठे दोनच ठेवायचे. हेतू असा की मधल्या आकाराच्या माशांना वाढू द्यावे, लहान मासे माणसांनी खावेत आणि पाण्याचा बिघडलेला तोल सावरावा.

अशा बदलाचे स्वागत सर्वत्र सारखे होत नसते. वडिलांकडून शिकलेला सोपा नियम गेला, आता मोजपट्टी आणि नकाशा घेऊन होडीत बसायचे काय, ही तक्रार स्वाभाविक आहे. एकाच माणसाला एका तळ्यावर जे नेता येते ते काही मैलांवरील दुसऱ्या तळ्यावर सोडावे लागते, हे त्याच्या न्यायबुद्धीला खुपते. पण ज्याने आपल्या बालपणीच्या तळ्यात मोठे मासे पाहिले आणि पुढे त्याच तळ्यात नुसते ‘दांडे’ पाहिले, त्याला हाच बदल उशिरा सुचलेले शहाणपण वाटतो. अंतःकरणात झालेल्या हानीची जाणीव आहे की नाही, यावर नियमाचे ओझे हलके किंवा जड होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात मानवी कायद्याच्या बदलाचा स्वतंत्र विचार केला आहे. कायदा दोन कारणांनी योग्य रीतीने बदलू शकतो, असे ते सांगतात: माणसाची समज हळूहळू परिपक्व होते म्हणून, आणि ज्यांच्यासाठी कायदा आहे त्यांची परिस्थिती पालटते म्हणून. परंतु ते लगेच सावधही करतात. कायदा पाळण्यास सवयीचे मोठे साहाय्य असते. बदल झाला की ते साहाय्य तुटते. म्हणून समाजहिताचा लाभ या हानीची भरपाई करील तेव्हाच बदल करावा. या एका विचारात दोन्ही बाजूंचे कर्तव्य सामावले आहे. नियम बदलणाऱ्याने कारण सांगावे, लोकांचे ऐकावे आणि उठल्यासुटल्या बदल करू नये. पाळणाऱ्याने ‘बदलला म्हणजे खोटा’ असा सोयीचा निष्कर्ष काढू नये. पाइक वाचवायचा हे तत्त्व तेथे तसेच राहिले. केवळ तळे पालटले म्हणून माप पालटले.

आता आमच्या मते या उदाहरणातील खरा नैतिक पेच पाहू. उत्तर-मध्य विभागाच्या नियमात दोन गोष्टी आहेत, एक मनाई आणि एक विनंती. मधला मासा सोडा ही मनाई. लहान मासे न्या ही विनंती. पहिली मोडली तर दंड होतो. दुसरी न ऐकली तर काहीच होत नाही. आपण कल्पना करावी: एक सज्जन गृहस्थ मधला प्रत्येक मासा काळजीपूर्वक पाण्यात सोडतो आणि काटे काढण्याचा कंटाळा येतो म्हणून लहान मासेही सोडून देतो. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. तरी तळे होते तसेच राहते. जाळ्याच्या दाखल्यात कोळी चांगले मासे भांड्यांत भरतात आणि वाईट टाकून देतात. येथे नेमके उलटे मागितले आहे. हवाहवासा मासा सोडा आणि नकोसा घरी न्या. असे करायला कायद्याचे भय पुरत नाही, त्यासाठी तळ्याविषयी प्रेम असावे लागते.

हा अनुभव कॅथलिकांना नवा नाही. पोप सहावे पॉल यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये प्रायश्चित्ताच्या शिस्तीत सुधारणा केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या महागुरुस्वामींनी उपवासकाळाबाहेरील शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचे कायदेशीर बंधन उठवले. मात्र शुक्रवार हा प्रायश्चित्ताचाच दिवस राहावा, प्रत्येकाने स्वेच्छेने काही त्याग किंवा सत्कृत्य करावे, अशी त्यांची अपेक्षा होती. लोकांच्या स्मरणात मुभा राहिली, अपेक्षा बहुतांशी विरून गेली. मनाई उठल्याचे सर्वांना कळले. जे आपणहून करायचे होते ते कोणाचेच काम उरले नाही. आमच्या पापकबुलीतही आपण केलेल्या गोष्टी मोजतो. न केलेल्या गोष्टींची यादी बहुधा कोरी राहते.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. मिनेसोटात हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर काळोखी झोपडी उभारून, बर्फाला भोक पाडून, पाण्यात आमिषाचा लाकडी मासा नाचवत भाल्याने पाइक मारण्याची जुनी परंपरा आहे. गळाला लागलेला मासा मोजून सोडता येतो. भाला लागलेला सोडता येत नाही. म्हणून आकारमर्यादांना भालेवाल्यांचा विरोध असे, आणि तो निव्वळ हट्ट नव्हता. २०१८ च्या नियमात त्यांची अडचण ध्यानात घेऊन उत्तर-मध्य भागात त्यांना २२ ते २६ इंचांचा एक मासा घेण्याची सवलत दिली गेली. तरीही अंदाज त्यांनाच करावा लागतो, आणि तोही भाला हातातून सुटण्यापूर्वी. आयुष्यातील पुष्कळशी कृत्ये गळासारखी नसून भाल्यासारखी असतात. रागात बोललेला शब्द, कोणाविषयी पसरवलेली अफवा, घाईत केलेली सही, ही पुन्हा पाण्यात सोडता येत नाहीत. तेथे विवेकाने आधी जागे असावे लागते.

आपल्या किनाऱ्यालाही हा विषय येऊन भिडला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासळी धरू नये असा त्याचा आशय. तत्त्व तेच, पण तराजू वेगळा. मिनेसोटाचा गळवाला बहुधा हौसेने तळ्यावर जातो. मासा सोडला तरी त्याच्या घरी चूल पेटते. आमच्या कोळीबांधवाचे तसे नाही. जाळ्यात लहानमोठे एकत्र येते, वर डिझेलचा खर्च आणि कर्जाचा हप्ता असतो. म्हणून त्याला उपदेश करण्यापूर्वी बाजारात लहान पापलेट स्वस्त मिळते म्हणून पिशवीत टाकणाऱ्या आपण सर्वांनी स्वतःस विचारावे की नियमाचे सगळे ओझे एकट्या कोळ्याच्याच खांद्यावर का असावे?

अनुवादाच्या ग्रंथात एक छोटी आज्ञा आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले तर पिल्ले घेता येतील, पण आईला मात्र सोडून द्यावे. रानातल्या त्या वाटेवर पाहायला कोणी अधिकारी नव्हता. तरी ती आज्ञा दिली गेली, आणि आईवडिलांचा मान राखणाऱ्याला जे दीर्घायुष्याचे अभिवचन आहे तेच तिच्याशीही जोडले गेले. घेण्याचा हक्क आहे, पण उद्याचे मूळ उपटण्याचा नाही, हा तिचा गाभा. मापे बदलतील, विभाग बदलतील, इंचांचे आकडे पुढच्या पिढीत वेगळे असतील. एकान्त तळ्यावर, कोणी पाहत नसताना, मासा हातात धरून ‘हा माझा की उद्याचा?’ असे विचारणारे मन मात्र प्रत्येक पिढीला नव्याने घडवावे लागते. ते काम घराघरांत, जेवणाच्या पानावर आणि संध्याकाळच्या प्रार्थनेतच होऊ शकते.