सिद्धतेचा भार कोणावर?

सर्व माहिती हाती असताना जे ठरते तो निर्णय नव्हे, ते केवळ गणित होय. माहिती अपुरी असते आणि मुदत मात्र टळत नाही, तेथेच अधिकाऱ्याच्या विवेकाची कसोटी लागते. अमेरिकेच्या 'नासा' या सरकारी संस्थेच्या इतिहासातील एक रात्र या दृष्टीने आम्हांस विचारार्ह वाटते.

२७ जानेवारी १९८६ ची ती रात्र. दुसऱ्या दिवशी 'चॅलेंजर' यान उडावयाचे होते आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. अग्निबाण पुरविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण करू नये, असे सुचविले. अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीत ताठर होतात, ही त्यांची भीती. त्यापूर्वीच्या सर्वांत थंड उड्डाणात दोन कड्यांच्या मध्ये काजळी आढळली होती. मात्र निर्विवाद आकडे त्यांच्यापाशी नव्हते. नासाच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दर्शविताच कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपली शिफारस फिरविली. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान मोडले आणि सात जीव गेले.

त्या रात्री नेमके काय बदलले? 'सुरक्षित असल्याचे दाखवा' या नित्याच्या प्रश्नाच्या जागी 'असुरक्षित असल्याचे सिद्ध करा' हा प्रश्न आला. अज्ञान तेवढेच राहिले. त्याचा भार मात्र शंका घेणाऱ्याच्या माथी आला.

यावर कोणी म्हणेल की, पूर्ण खात्रीची वाट पाहिली तर एकही यान उडणार नाही. हे खरे आहे. ते अधिकारी दुष्टही नव्हते. कडी झिजूनही याने सुखरूप परतली होती, आणि निभावलेला धोका हळूहळू नियमासारखा भासू लागतो. चौकशी आयोगाचे सदस्य रिचर्ड फाइनमन यांना आढळले की, अपघाताची शक्यता अभियंते शंभरात एक मानीत, तर व्यवस्थापन लाखात एक.

म्हणूनच आमच्या मते खात्री नसताना दोन प्रश्न विचारावेत. चूक झाल्यास भोगणार कोण? आणि ती सुधारता येईल काय? उड्डाण लांबल्याने प्रतिष्ठा उणावते, पण ती भरून काढता येते. गेलेला जीव परत येत नाही. शिवाय ज्यांचे प्राण पणाला लागले होते, त्या अंतराळवीरांना रात्रीच्या वादाची वार्ताही नव्हती.

२००३ मध्ये 'कोलंबिया'च्या पंखावर फेसाचा तुकडा आदळला. अभियंत्यांनी छायाचित्रांची मागणी केली. ती पुढे गेली नाही. हानीचा पुरावा नाही, यालाच हानी नसल्याचा पुरावा मानले गेले. १ फेब्रुवारीस कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी परतले नाहीत.

'प्रतिकूल अभिप्राय नाही' हा शेरा आपल्याही कचेऱ्यांत पूल, धरणे आणि औषधे यांच्या फायलींवर सहज उमटतो. अभिप्राय मागितलाच नव्हता की मागून तो दाबला गेला, हे त्या तीन शब्दांतून कळत नाही. स्वाक्षरी करणाऱ्याने तेवढे तरी विचारावे. जोखीम दुसऱ्याने उचलायची असेल, तर सिद्धतेचा भार आपण उचलणे हाच न्याय होय.