काट्याची साक्ष

दिवाळीच्या सुटीत शाळामास्तराने फराळावर ताव मारावा, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उपसावा आणि फार तर कादंबरीचे एखादे अडलेले प्रकरण पुढे ढकलावे, असा आमच्या घरचा रिवाज आहे. पण एका दिवाळीत माझे हात काळ्या तेलाने माखले, आणि त्या तेलातच एका प्रश्नाने मला गाठले. माणूस संशय घेतो तो सत्य शोधण्यासाठी, की सत्य टाळण्यासाठी?

माझ्या धाकट्या भावाचा एक जुना ट्रक आहे. त्या वर्षी इंजिनाची बेअरिंगे झिजली. पाडव्यानंतर बीडकडे जाऊन ऊसतोडणीची टोळी कारखान्यावर आणायची होती आणि गॅरेजचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा अंगणातच काम काढले. शेजारचे तात्या सल्लागार. त्यांचा उभा जन्म एस.टी.च्या वर्कशॉपात गेलेला. मी हाताखालचा गडी. मॅट्रिकच्या विज्ञानापुढे माझी मजल गेलेली नाही, पण पाने ओळखून हातात देण्याइतकी बुद्धी होती.

तेलाचा पंप दाब निर्माण करतो, असा माझा समज होता. तात्यांनी तो खोडून काढला. "मास्तर, पंप नुसतं तेल ढकलतो. पुढची वाट अरुंद असते, म्हणून दाब येतो." क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढी फट असते. तिच्यातल्या तेलाच्या पापुद्र्यावर क्रँक तरंगत फिरतो. लोखंडाला लोखंड लागत नाही. ही फट दुप्पट झाली की तिच्यातून निसटणारे तेल दुप्पट नव्हे, आठपट होते. संसारातल्या फटींचेही गणित असेच असावे, असे मला तेव्हा वाटून गेले.

इंजिन जुळले, चालू झाले. दाबाचा काटा रेंगाळत वर चढला, थरथरला, आणि तेल तापताच खाली येऊन बसला.

लगेच अंगणात उपायांचा बाजार भरला. एकाने सांगितले, जाड तेल घाला. दुसऱ्याने सांगितले, दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर सारा. तिसरा तर म्हणाला, मीटरच काढून टाका. पूर्वी कोण बघत होतं? मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. प्रगतिपुस्तकातला लाल आकडा त्याने रबराने खोडला होता. कागदाला भोक पडले, गणित मात्र आले नाही.

तात्या शांतपणे म्हणाले, "आधी मीटरवरच संशय घ्या. तोही खोटा बोलू शकतो." त्यांनी दुसरा मीटर आणून थेट इंजिनाला जोडला. त्यानेही तीच साक्ष दिली. तात्यांचा संशय खरा संशय होता, कारण दुसरा मीटर जे सांगेल ते मानायची त्यांची तयारी होती. मी मात्र मनात देवाला विनवीत होतो की मीटरच खोटा ठरू दे. दोघांचा संशय एकाच वस्तूवर. पण एकाला उत्तर हवे होते, दुसऱ्याला सुटका.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. पंपाला तेल खेचून देणारी नळी मी बसवली होती. तिच्या जोडातले पॅकिंग माझ्या हातून जरासे फाटले होते. भाऊ चहा प्यायला गेला होता. दुकान बंद व्हायची वेळ. "एवढ्याने काय होतंय" असे म्हणून मी तेच दडपून बसवले, आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी, तात्या नसताना, भावाने दोन लिटर तेल जास्त ओतले. आणि नवल! काटा वर गेला. "दादा, सुटलो!" तो ओरडला. आईने ट्रकला ओवाळले. घरात आनंदीआनंद झाला.

फक्त मला आनंद होईना. फाटक्या जोडातून पंप हवा ओढीत होता. तो जोड आता जास्तीच्या तेलात बुडाला, एवढेच झाले होते. क्रँक त्या तेलाला घुसळून फेस करणार. बालाघाटचे चढ लागले की तेल टाकीत मागे सरकणार, जोड उघडा पडणार, आणि मागे हौद्यात मुलेबाळे, भांडीकुंडी घेऊन बसलेली माणसे. माझ्या कादंबऱ्यांतली पात्रे प्रकरणाच्या शेवटी सहज कबुली देतात. मला रात्रभर एक वाक्य जुळेना.

पाडव्याच्या पहाटे ते एकदाचे सांगितले. भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पाने आण." तेल काढले, चेंबर उतरवले. पॅकिंग फाटलेलेच होते. बेअरिंगांच्या एका जोडीवर चरेही पडले होते. ती जोडी माझ्या पगारातून आली. नवे पॅकिंग बसले आणि काटा वर जाऊन स्थिर राहिला. तात्या एवढेच म्हणाले, "मास्तर, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी मीटर शोधत गावभर फिरलो नसतो."

पुढे वाचनात आले की तेलाच्या पापुद्र्यातला हा दाब अपघातानेच सापडला. १८८३ साली टॉवर नावाचा एक इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालायला वर पाडलेल्या भोकातून तेल उलट बाहेर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही उडाली. त्याने आणखी घट्ट खुंटी ठोकली नाही. तिथे मीटर बसवला. काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. १८८६ साली रेनॉल्ड्सने त्या कोड्याचे गणित मांडले. खुंटी ठोकायची की मीटर बसवायचा, ही निवड बुद्धीची वाटते. माझा अनुभव सांगतो की ती धैर्याची असते. आणि ज्या कामाला आपलेच हात लागले आहेत, तिथे हे धैर्य सर्वांत कमी पडते.

सुटीनंतर शाळा उघडली. एक पोरगा वही घेऊन आला. "गुरुजी, पुस्तकातलं उत्तर चुकलंय."

"चुकलं असेल, बाळ," मी म्हटले. "पुस्तकंही चुकतात. आधी आपली वजाबाकी पाहिलीस का?"

तो वही घेऊन बाकावर गेला. माझ्या नखांत मात्र ते काळे तेल अजून होते.