फॉर्टी फूटला जातोस ते ठीक, पण...

पुणे, २० फेब्रुवारी

चि. ओंकार,


डब्लिनच्या त्या फॉर्टी फूटच्या, समुद्रात डुंबायच्या खडकावरचा तुझा फोटो ताईने पाठवला. अंग लालबुंद, हातात कॉफी आणि चेहऱ्यावर गड सर केल्याचा आव! ताई घाबरली आहे, मी नाही. पण जन्मभर मेडिकलच्या पोरांना फिजिऑलॉजी शिकवलं, त्यामुळे गप्पही बसवत नाही.

तू म्हणे तिला सांगितलंस, 'आजोळच्या विहिरीवर कार्तिकात पहाटे नहायचो, मला सवय आहे.' अरे, ती विहीर विसर. आपल्याकडे विहिरीचं पाणी थंडीतही पंचविशीच्या आसपास असतं. पहाटेच्या हवेपेक्षा ते ऊबदार, म्हणून तर त्यावर वाफा दिसायच्या. तुझ्यापुढचा समुद्र सध्या आठ-नऊ अंशांवर आहे.

तिथे सगळा खेळ पहिल्या मिनिटाचा. त्वचेला गारठा लागताच माणूस आपोआप मोठ्ठा श्वास ओढतो, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब उसळतात. त्या पहिल्या श्वासाला तोंड पाण्याखाली असलं तर घात. पट्टीचे पोहणारेही बुडतात ते बरेचदा असे, अंग गोठून नव्हे. म्हणून खडकावरून सूर मारायचा नाही. कठडा धरून पायरी पायरीने उतर, श्वास ताळ्यावर येईपर्यंत हात सोडू नकोस. दोन-तीन मिनिटांत तो येतो. चुकून पडलासच तर हातपाय झाडू नकोस, उताणा तरंगत राहा. तिथली जीवरक्षक संस्था आरएनएलआय हेच सांगते. पोर्ट्समथच्या माइक टिप्टन यांनी यावर आयुष्य घालवलं. थोडा थोडा वेळ पाच-सहा वेळा उतरलं की हा धक्का जवळपास निम्म्यावर येतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. सवय म्हणतात ती ही, आणि ती त्याच पाण्यात लागते.

आता फायद्यांचं. 'डोपामिन अडीचशे टक्के वाढतं' असं तू लिहिलंयस. २००० साली झालेल्या ज्या प्रयोगातला हा आकडा आहे, त्यात तरुण पोरं १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसली होती. तू बसतोस चार मिनिटं. हा तास सगळे सोयीस्करपणे गाळतात. हॉलंडमध्ये तीन हजारांवर माणसांच्या प्रयोगात बऱ्याच जणांना महिनाभर अंघोळीच्या शेवटी अर्धं ते दीड मिनिट थंड पाणी घ्यायला लावलं. २०१६ साली निष्कर्ष आले: आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी, पण आजारी असल्याचे दिवस तेवढेच! म्हणजे माणसं शिंकत का होईना, कामावर गेली. मला हा निष्कर्ष फार आवडतो. बाहेर आल्यावर तरतरी येते, मन हलकं होतं, हे मी मानते. त्यातला किती वाटा पाण्याचा आणि किती सोबत हसणाऱ्या चार माणसांचा, हे वेगळं काढणं अवघड. प्रतिकारशक्ती, चरबी, दीर्घायुष्य वगैरे दाव्यांना अजून तरी मी पास करणार नाही.

जिमचा मात्र हिशेब नीट कर. व्यायामानंतरचा ठणका थंड पाण्याने कमी होतो, पण वजनं उचलून लगेच डुंबलास तर स्नायू कमी भरतात. २०१५ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात बारा आठवड्यांत हा फरक स्पष्ट दिसला. दंड कमवायचेत ना? मग जिमच्या दिवशी समुद्र नको.

बाहेर आलास की फोटो नंतर. पाण्याबाहेर आल्यावरही शरीर आतून काही वेळ थंडच होत जातं, हुडहुडी खरी तेव्हा भरते. ओले कपडे आधी काढ, अंग पूस, टोपी घाल. बोटं बधिर होतात, शर्टाची गुंडी लागत नाही, म्हणून डोक्यावरून घालायचा सैल स्वेटर वरच ठेव. लगेच कढत पाण्याच्या शॉवरखाली उभा राहू नकोस, भोवळ येते. आदल्या रात्री 'बसला' असशील तर सकाळी घरीच थांब. आणि एकट्याने कधीही नाही.

तुझी,
मंगलमावशी

ता. क. जूनमध्ये ताई-भाऊजी तिकडे येताहेत. तुला बघून भाऊजींना हुरूप येणार, हे लिहून ठेव. त्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि ते पाणी जूनमध्येही बारा-तेरा अंशांच्याच घरात असतं. त्यांच्याकडे टॉवेल आणि मोबाइल दे, पोहण्याची चड्डी नको.