जुना खेळ, नवा उजेड : संहिता आणि प्रयोग यांच्या सीमेवरील एक नैतिक प्रश्न

मराठी नाट्यविचारात संहिता आणि प्रयोग हा भेद इतका रूढ झाला आहे की त्यांच्यामधील सीमारेषा नेमकी कोठून जाते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शब्द संहितेचे आणि उजेड प्रयोगाचा, अशी ढोबळ वाटणी मान्य केलेली असते. संगणकावरील जुन्या खेळांना नवा, ‘वास्तव’ प्रकाश देण्याचा जो उद्योग हौशी तंत्रज्ञांनी आणि काही कंपन्यांनी अलीकडे चालविला आहे, त्याने ही वाटणी अडचणीत आणली आहे. दुसऱ्याच्या कृतीवर आपला उजेड पाडण्याचा अधिकार कोणाला आणि कोठवर, हा त्यातून उद्भवणारा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. तो नैतिक आहे, आणि पाठचिकित्सेच्या रूपाने साहित्याच्या अभ्यासकाला पूर्वपरिचितही आहे.

प्रश्नाचे स्वरूप कळण्यासाठी तंत्र थोडे समजून घ्यावयास हवे. ‘क्वेक २’ हा खेळ १९९७ साली आला. खेळ चालू असताना प्रकाशाचे खरे गणित मांडणे त्या काळच्या घरगुती यंत्रांच्या आवाक्यात नव्हते. म्हणून दिवे कोठे, किती तीव्र आणि कोणत्या रंगाचे हे ठरवून त्यांचा भिंतींवर पडणारा उजेड कर्त्यांनी आधीच मोजून ठेवला आणि ‘लाइटमॅप’ म्हणजे प्रकाशाचे नकाशे करून तो भिंतींवर कायमचा डकवला. तेथील सावली घडत नाही; ती लिहिलेली असते. ‘रे ट्रेसिंग’ची रीत याच्या उलट आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून किरणाचा माग काढीत तो कोठे आदळतो, कोठून परततो आणि कोणत्या दिव्याशी पोचतो, हे तीत क्षणोक्षणी मोजले जाते. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये आणि जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये या विचाराची पायाभूत मांडणी केली. परंतु घरच्या संगणकावर खेळताखेळता हे गणित करणारी खास यंत्रणा २०१८ मध्ये आली. ‘क्वेक २’ची आज्ञावली २००१ मध्येच खुली झालेली असल्याने ख्रिस्टोफ शीड या संशोधकाला २०१९ च्या आरंभी तिला नवी प्रकाशयोजना देता आली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये एनव्हीडिया कंपनीने त्या कामावर आधारलेली ‘क्वेक २ आरटीएक्स’ ही आवृत्ती काढली. जेथे आज्ञावली बंद आहे तेथे हौशी मंडळी ‘रीशेड’सारख्या साधनांतून शेडर, म्हणजे चित्राच्या प्रत्येक बिंदूचा रंग ठरविणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, जोडतात. या शेडरांना पडद्यावर उमटलेले चित्र आणि त्यातील वस्तूंचे अंतर एवढेच ठाऊक असते. चौकटीबाहेरचा दिवा त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

या उद्योगाच्या समर्थकांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये चित्रकला आणि संगीत यांत जो भेद केला, त्यानुसार चित्राची मूळ प्रत एकच असते, तर संगीतरचना दर वादनात नव्याने साकारते. संगणकीय खेळ दुसऱ्या गटात पडतो. आज्ञावली ही संहिता, आणि प्रत्येक यंत्रावर होतो तो प्रयोग. मग नवा उजेड हा केवळ नवा प्रयोग ठरतो, आणि संहितेला त्याने धक्का लागण्याचे कारण उरत नाही.

खेळ या शब्दाच्या जुन्या मराठी अर्थाकडे वळले तर या युक्तिवादाला भक्कम दाखलाही मिळतो. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोह धरणाचा परिसर आहे. तो आणि त्याच्या आसपासचा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतचा धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान निघाल्यावर तेथे रात्ररात्र खेळ चालतात. दंडार एके काळी टेंभ्यांच्या उजेडात होई. पुढे गॅसबत्ती आली, मग वीज आली, आणि झाडीपट्टीच्या नाटकांवर आज रंगीत झोत पडतात. दंडार त्यामुळे दंडार राहिली नाही, असे तेथील प्रेक्षक म्हणत नाही.

परंतु हाच दाखला बारकाईने पाहिला तर तो समर्थकांच्या पूर्णपणे पदरात पडत नाही. टेंभ्याचा हलता, तांबूस उजेड ही निव्वळ उणीव नव्हती. पुरुषाने केलेली स्त्रीभूमिका स्वीकारण्याचा जो संकेत प्रेक्षक पाळीत असे, त्याला तो उजेड साहाय्य करी. उजेड वाढला की संकेतावरचा भार वाढतो, आणि वेष, रंगभूषा, अभिनय यांना तो उचलावा लागतो. झाडीपट्टीत हे घडू शकले, कारण दिवा बदलणारे आणि खेळ करणारे एकच होते, आणि ज्यांच्यासाठी तो बदलला ते त्याच रात्री समोर बसलेले होते. बदलाचा अधिकार तेथे उत्तरदायित्वातून येत होता. संगणकीय खेळाबाबत ही साखळी तुटलेली असते. ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ हा १९९८ चा खेळ करणारी लुकिंग ग्लास ही संस्था २००० साली बंद पडली. तिच्या कृतीवर नवा उजेड टाकणाऱ्याने उत्तर द्यायचे ते कोणाला?

‘थीफ’चे उदाहरण आणखी एका कारणाने निर्णायक आहे. त्यात खेळणारा चोर आहे आणि अंधार हे त्याचे एकमेव चिलखत. पडद्याच्या तळाशी असलेला एक मणी तो किती उजेडात आहे हे दाखवितो, आणि पहारेकऱ्याला तो दिसणार की नाही, हे त्याच हिशेबावर ठरते. म्हणजे प्रकाश येथे देखावा नाही, नियम आहे. वरून जोडलेल्या शेडरने एखादा कोपरा काळोखा केला, तरी मूळ आज्ञावली त्याला उजेडच मानत राहील. खेळणारा डोळ्यांना दिसणाऱ्या अंधारात उभा राहून पकडला जाईल, आणि ‘वास्तव’ प्रकाश त्याच्याशी खोटे बोललेला असेल. प्रयोगाने संहितेशी केलेली ही विसंगती आहे. संहिता आणि प्रयोग यांची सीमा उजेडाच्या अलीकडे किंवा पलीकडे नसून उजेडाच्या आतूनच जाते, हे येथे स्पष्ट होते.

येथे ‘वास्तव’ या विशेषणाची तपासणी आवश्यक ठरते. किरणांचे गणित भौतिकशास्त्राशी जुळते, म्हणून तो उजेड अधिक खरा, असे सुचविले जाते. परंतु जुन्या खेळांत चित्रकारांनी दगडांच्या खाचांतील सावल्या भिंतीच्या चित्रातच रंगविलेल्या असत. त्यावर खरा उजेड पाडला की एकाच खाचेला दोन सावल्या येतात, एक रंगविलेली आणि एक मोजलेली. ती दुरुस्त करायची तर भिंत पुन्हा रंगवावी लागते. मग भिंतीशेजारचे दार विसंगत दिसू लागते. मर्ढेकरांच्या लयविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर संवाद, विरोध आणि समतोल हे घटकांमधील संबंध असतात. एक घटक ‘सुधारला’ की संबंध बदलतात, आणि सुधारणेची गरज घटकाघटकांतून पसरत जाते. वास्तव हे येथे वस्तुस्थितीचे वर्णन राहत नाही. ते वस्तुस्थितीचा वेष घेतलेले मूल्य आहे.

मग अंधार नेहमीच अर्थपूर्ण असतो काय? तसे म्हणणे ही भाबडी भक्ती होईल. २००४ च्या ‘डूम ३’मध्ये हाती बंदूक घ्यायची की विजेरी, यांतून एकच निवडावे लागे. एका हौशी मॉडने लगेच विजेरी बंदुकीला चिकटविली, आणि २०१२ च्या आवृत्तीत खुद्द कर्त्यांनीच बंदूक न सोडता वापरता येणारी विजेरी दिली. पण कर्त्याने स्वतः पाठ बदलला म्हणून आधीचा पाठ प्रमाद ठरत नाही; त्या निवडीतली भीती नव्या पाठात नाही, इतकेच सिद्ध होते. उलट २००४ च्याच ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’मधील धुके मुख्यतः यंत्राच्या मर्यादेतून आलेले होते. २०२१ च्या नव्या आवृत्तीत ते विरळ झाले, आणि अफाट वाटणारा प्रदेश एका दृष्टिक्षेपात मावणारा निघाला. मर्यादेतून जन्मलेले धुके कृतीच्या अर्थाचा भाग होऊन बसले होते. अर्थाचे मूळ हेतूत असो वा अडचणीत, कृतीत मुरल्यावर तो कृतीचाच होतो. त्यामुळे ‘कर्त्यांना जमले नाही म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही.

तथापि या प्रकरणातील खरा अन्याय नव्या उजेडाचा नव्हता. नवी आवृत्ती येण्यापूर्वी जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून उचलण्यात आल्या, आणि टीका झाल्यावर संगणकासाठीच्या प्रती प्रकाशकाच्या स्वतःच्या दुकानात परत आणाव्या लागल्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मूळ प्रकाशाची आठवण देणारा पर्यायही नव्या आवृत्तीत द्यावा लागला. याउलट ‘क्वेक २ आरटीएक्स’मध्ये दिवसाची वेळ बदलण्यापर्यंत मोकळीक घेतली असली, तरी जुनी चित्रणपद्धती काढून टाकलेली नाही, खेळणारा नव्यातून जुन्यात जाऊ शकतो. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच नीतीवर उभी आहे. संपादक एक पाठ वर घेतो, पण नाकारलेले पाठ तळाशी ठेवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शोधन केले आणि तीत स्वतःची भर घालणाऱ्यांना बजावले. तरीही राजवाड्यांना १९०९ मध्ये वेगळी पोथी पुढे करता आली, कारण शोधनाने इतर पोथ्या नाहीशा केल्या नव्हत्या.

जुन्या कृतीवर नवा उजेड टाकणाऱ्याचे कर्तव्य यावरून दुहेरी ठरते. ज्या अंधारावर कृतीचा नियम किंवा अर्थ उभा आहे, तो ओळखण्याइतके वाचन त्याने आधी केले पाहिजे. आणि ते वाचन चुकीचे ठरू शकते हे जाणून जुना पाठ हाताशी राहू दिला पाहिजे. पहिली अट अभिरुचीची आहे, तिच्याबाबत मतभेद राहतील. दुसरी न्यायाची आहे. जो विद्यार्थी हा खेळ उद्या प्रथमच पाहील, त्याला तुलनेचे साधनच उरले नाही, तर त्याच्यापुढे मतभेदाचा प्रश्नही उपस्थित होणार नाही.