पेज विकलं, माणसांसकट

खांडबाऱ्यातल्या एखाद्या तरण्या पोराचा मोबाइल पाहिला, तर त्यात टिमली नाचाची गाणी असतात आणि पोलीस भरतीची इन्स्टाग्राम पेजेस असतात. जाहिरात कधी निघणार, १६०० मीटर धावण्याला किती गुण, गोळा कसा फेकायचा. नंदुरबारला खोली घेऊन क्लास लावणं ज्याला झेपत नाही, त्याच्यासाठी ही पेजेस म्हणजे फुकटचा मास्तर. मग एके दिवशी त्याच पेजवर पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात झळकते. नाव नवं, फोटो नवा. पोरानं काहीच केलेलं नसतं. पेज विकलं गेलेलं असतं.

खोट्या फॉलोअर्सचा बभ्रा आपल्याकडे झालेला आहे. जुलै २०२० मध्ये गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाच्या बनावट खात्याची तक्रार आली आणि मुंबई गुन्हे शाखेच्या हाती फॉलोअर्स, लाइक विकणारं जाळंच लागलं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं: एका माणसाला एक आकडा. पुढच्या दहा वर्षांत, मागे माणूसच नसलेले आकडे बाजारात विकायला आले! त्यात फसतो तो आकडा बघून पैसे मोजणारा जाहिरातदार. त्याची मला फारशी कीव येत नाही.

पेजच्या सौद्यात मात्र माणसं खरी असतात, म्हणून तर भाव येतो. खाती विकायला इन्स्टाग्रामच्या नियमांत मनाई आहे, तरी सौदे होतातच. बाजारात बैल घेताना दात बघतात, चालवून बघतात. इथं गिऱ्हाईक फॉलोअर कुठल्या वयाचे, कुठल्या गावचे, पोस्टवर किती जण बोलतात, याचे स्क्रीनशॉट मागतं. बैलाला निदान दावण बदललेली कळते.

इन्स्टाग्रामवर ‘या खात्याविषयी’ उघडलं की पुष्कळ खात्यांचं नाव आजवर किती वेळा बदललं ते दिसतं. पण तिथं बोट नेतो कोण? भरतीच्या जुन्या पोस्टखाली ‘दादा, आपल्या जिल्ह्यात जागा किती?’ असं विचारलेलं असतं, आणि कुणीतरी नीट उत्तरही दिलेलं असतं. पोरांचा विश्वास बसला तो त्या उत्तरांवर. नवा मालक आल्या आल्या त्या पोस्ट पुसून टाकतो आणि फॉलोअर तेवढे ठेवतो.