ग्रंथावरील पूर्वस्वामीचे नाव

जुने यहुदी धर्मग्रंथ संग्रही ठेवणारे विद्वान व धनिक आज अनेक देशांत आहेत. असा ग्रंथ उघडला असता आरंभीच्या कोऱ्या पानावर कधी पूर्वस्वामीचे नाव, कधी त्याच्या मुलांच्या जन्माची नोंद, कधी एखाद्या पाठशाळेचा शिक्का आढळतो. तो मनुष्य गेला, ग्रंथ राहिला. नव्या धारकाचे त्या नावाशी काही कर्तव्य उरते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

यहुद्यांची एक जुनी रीत येथे ध्यानात घ्यावी. ग्रंथावर नाव घालताना कित्येक जण आधी सर्व काही परमेश्वराचेच आहे असे मान्य करीत. मग, परक्या कोणी येऊन ग्रंथावर हक्क सांगू नये एवढ्यासाठीच नाव लिहितो, असे नोंदवीत. ईश्वरनामांकित जीर्ण ग्रंथही ते टाकून देत नाहीत; कोठीत राखतात अथवा दफनभूमीत पुरतात.

त्यांचे ते भय पुढे खरे ठरले. नाझी राजवटीने युरोपातील यहुद्यांची घरे, पाठशाळा व ग्रंथालये लुटली. युद्धानंतर, १९४६ साली, अमेरिकन लष्करी प्रशासनाने फ्रँकफुर्टजवळील ऑफेनबाख येथे अशा ग्रंथांचे आगार उघडले. १९४९ पर्यंत तेथून सुमारे ३० लाख ग्रंथ व अन्य वस्तू मार्गी लागल्या. हिब्रू न जाणणारे कामगार केवळ शिक्क्यांचे आकार ओळखून ग्रंथ वेगळे करीत. अर्थात त्या लहानशा खुणेनेच ग्रंथाला घरची वाट दाखविली. तथापि पुष्कळ ग्रंथांचे स्वामी मारले गेले होते आणि वारसही उरले नव्हते. असे सुमारे ५ लाख ग्रंथ 'ज्यूइश कल्चरल रिकन्स्ट्रक्शन' या संस्थेने मुख्यतः इस्रायल व अमेरिका येथील ग्रंथालयांस दिले. हाना आरेन्ट या तिच्या कार्यवाह होत्या. ग्रंथ कोठून आला याचे विस्मरण होऊ नये, म्हणून प्रत्येक ग्रंथात संस्थेची नामपट्टिका लावण्यास सांगितले गेले.

येथे कोणी शंका घेईल : सर्व काही परमेश्वराचे, तर स्वामित्व हा भ्रमच. मग मृताच्या नावाचा आग्रह कशाला? ज्याने मोल दिले त्याने ग्रंथ निश्चिंतपणे ठेवावा.

याचे समाधान असे. स्वामित्व मिथ्या आहे हा विचार ज्याने त्याने स्वतःच्या वस्तूस लावावयाचा असतो. दुसऱ्याच्या हिरावलेल्या वस्तूस तो लावला की वैराग्य राहत नाही. चोरीचे समर्थन होते. शिवाय जुने नाव खरवडून काढणारा ममत्वाचा त्याग करीत नाही. तो आपल्याच ममत्वास जागा करून देतो. मोल दिल्याने ग्रंथ हाती येतो. पूर्वस्वामीचे ऋण त्याने फिटत नाही.

म्हणून संग्राहकाने स्वतःस विश्वस्त समजावे. ग्रंथ कोणाकडून कसा आला हे विचारावे. तो लुटीचा असल्याचे कळल्यास वारसाचा शोध घ्यावा, व वारस सापडल्यास ग्रंथ त्यास सुपूर्द करावा. न सापडल्यास नाव व शिक्का जसेच्या तसे राखावे आणि पुढील धारकास ती हकीकत सांगावी.

ज्याने आधी परमेश्वराचे स्वामित्व मान्य करून मग आपले नाव लिहिले, तो ग्रंथाचा विश्वस्तच होता. त्याचे नाव राखणे म्हणजे त्याने सांभाळलेला विश्वास पुढे चालविणे होय.