दोन बादल्यांचा हिशेब

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत समुद्राकाठी राहणाऱ्याला मोटारसायकल धुवावीच लागते. वाऱ्याबरोबर येणारं मीठ चेनीत, स्पोकच्या मुळाशी, मडगार्डच्या आतल्या बाजूला बसतं, हवेतली ओल धरून ठेवतं आणि लोखंड खायला लागतं. काशिदच्या पुळणीवर गाडी फिरवून आणली असेल तर विचारायलाच नको. हप्त्यावर घेतलेल्या या गाडीवर कुणी मासळीची पाटी बाजारात नेतं, कुणी कंपनीत रात्रपाळीला जातं. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचा आणि वर्षभर गंजू द्यायचं, ही पूजा मला पटत नाही.

पण धुण्याचं पाणी कुणाच्या वाट्याचं, हेही विचारायला हवं. साध्या पाइपातून मिनिटाला 10 लिटर पाणी येतं असं धरलं, तरी पंधरा मिनिटांत 150 लिटर अंगणात जातं. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला 55 लिटरचं माप ठरवलं आहे. म्हणजे एका गाडीवर जवळपास तीन माणसांचा दिवस वाहून गेला. रायगड जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही पेण-अलिबागच्या खारेपाटात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरतं, तिथे जमिनीतलं पाणीही खारट. हे माहीत असताना आपल्या अंगणातला पाइप निवांत वाहू देणं मला अन्यायाचं वाटतं. आपलं बिल आपण भरतो, हे त्यावरचं उत्तर होत नाही.

काम दोन बादल्यांत होतं. इंजिन गार होऊ द्यावं, सायलेन्सरचं तोंड बांधावं. आधी साध्या पाण्याने मीठ आणि वाळू उतरवावी. कोरडं फडकं फिरवलं तर वाळूचे कण टाकीवर ओरखडे काढतात. मग सौम्य शाम्पू, वरून खाली. चाकांचं फडकं वेगळं. शेवटी पुसून कोरडी करावी आणि चेनीला तेल द्यावं. ब्रेकच्या डिस्कला मात्र तेलाचा हात लागू देऊ नये.

चेन रॉकेलने किंवा डिझेलने साफ केली की खाली काळा चिखल गळतो. आपल्या वाड्यांची जमीन रेताड. वर सांडलेलं खाली झिरपायला वेळ लागत नाही, आणि पोफळीला शिंपायचं, घरात प्यायचं पाणी त्याच विहिरीचं. म्हणून चेनीखाली जुनं ताट धरावं आणि तो गाळ गॅरेजवाल्याच्या काळ्या ऑइलच्या डब्यात नेऊन ओतावा. गाडी थेट ओढ्यात उतरवणाऱ्यांना तर थांबवलंच पाहिजे. खालच्या अंगाला कुणाची तरी गुरं पाणी पितात.

या रविवारी पाइप गुंडाळून ठेवा. विहिरीपासून लांब, झाडांना पाणी जाईल अशी जागा बघा, दोन बादल्या भरा आणि पोराच्या हातात मग द्या.